सोंगनाम शहराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामानिमित्त सोलला जाणारे मराठी लोक, कोरियन मालिका पाहून त्या देशाची ओढ लागलेले वाचक आणि नगररचनेचे विद्यार्थी सोंगनामबद्दल सतत विचारत असतात. तेच ते प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे शेवटी. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे दिले असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. या शहराची कहाणी पानग्यो या तंत्रज्ञान कंपन्यांच्या भागातल्या काचेच्या इमारतींपासून सुरू करू नका. ती १९६९ सालच्या बोडक्या टेकड्यांवर सुरू होते. तिथे ज्यांना आणून सोडले, त्यांच्या बाजूने ती वाचली नाही तर पुढचे बरेचसे कळतच नाही.

१. सोंगनाम नेमके कुठे आहे आणि केवढे आहे?

दक्षिण कोरियात, ग्योंगी प्रांतात, सोलच्या आग्नेयेला. सोलचे गांगनाम आणि सोंगपा हे भाग संपतात तिथे सोंगनामची हद्द लागते. क्षेत्रफळ सुमारे १४१ चौरस किलोमीटर, लोकसंख्या नऊ लाखांच्या घरात. शहराचे तीन 'गू', म्हणजे विभाग आहेत. डोंगरउतारावरचे सुजोंग आणि जुंगवन मिळून 'जुने शहर' होते आणि दक्षिणेला बुंदांग आहे. पानग्यो हा बुंदांग विभागाचाच भाग, स्वतंत्र शहर नव्हे. तानचोन नदी दक्षिणेकडून येते, बुंदांगमधून वाहते आणि सोलमध्ये हान नदीला मिळते.

२. म्हणजे हे सोलचे उपनगरच ना?

कारभाराच्या दृष्टीने नाही. १ जुलै १९७३ पासून सोंगनाम स्वतंत्र शहर आहे. त्याचा महापौर वेगळा, नगरपरिषद वेगळी, अंदाजपत्रक वेगळे. सोल महानगराच्या प्रशासनाचा इथे काही अधिकार नाही. पण हे शहर जन्माला घातले ते सोलनेच, तेही दुसऱ्या प्रांताच्या जमिनीवर, स्वतःची अडचण सोडवण्यासाठी. 'उपग्रह शहर' हा शब्द त्याला चिकटला तो यामुळे. तो आज किती लागू पडतो, ते प्रश्न १३ मध्ये पाहा.

३. हे नाव कुठून आले?

'किल्ल्याच्या दक्षिणेचे' असा त्याचा सरळ अर्थ. किल्ला म्हणजे नामहानसानसोंग. तो किल्ला स्वतः सोंगनाममध्ये आहे का, हा वेगळाच गुंता आहे (प्रश्न १८).

४. इथे शहर वसले तरी कसे? आधी काय होते?

आधी ग्वांगजू तालुक्यातली शेते, वाड्या आणि टेकड्या होत्या.

कोरियन युद्धानंतर खेड्यापाड्यांतून माणसे सोलकडे लोटली. १९६० साली सोलची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, १९७० पर्यंत ती ५५ लाखांच्या आसपास गेली. घरे तेवढी नव्हतीच. चोंग्येचोन ओढ्याच्या काठावर, रेल्वेमार्गालगत, डोंगरांच्या कुशीत फळकुटांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. तेव्हाचे महापौर किम ह्योन-ओक यांना लोक 'बुलडोझर' म्हणत. झोपड्या हटवायच्या आणि त्यांच्या जागी झटपट मजली घरे बांधायची, असा त्यांचा धडाका होता. त्यातलीच वाऊ येथील एक इमारत बांधून काही महिने होतात न होतात तोच, ८ एप्रिल १९७० रोजी कोसळली. तीसहून अधिक माणसे गेली आणि महापौरांना पद सोडावे लागले.

त्याआधीच, १९६८ मध्ये दुसरी योजना ठरली होती. झोपडपट्टीवासीयांना सोलच्या बाहेर न्यायचे आणि ग्वांगजूच्या टेकड्यांवर साडेतीन लाख लोकांची वसाहत उभारायची. १९६९ पासून ट्रक भरभरून कुटुंबे येऊ लागली. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला साधारण २० प्योंग जमीन, म्हणजे ६६ चौरस मीटर, आपल्या हिशेबाने ७०० चौरस फुटांच्या आसपास. जमीन म्हणजे डोंगर खरवडून पाडलेला तुकडा. घर ज्याचे त्याने बांधायचे. तोवर तंबूत राहायचे. पाण्याची सोय नाही, सांडपाण्याची नाही, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काम नाही. ही माणसे सोलमध्ये हमाली, फेरीविक्री, बांधकामावरची मजुरी करून जगत होती. तीच रोजी त्यांच्यापासून तोडली गेली.

योजनेचा आर्थिक पाया ऐकला की आजही संताप येतो. प्रशासनाने स्वतःचे भांडवल जवळजवळ घातलेच नव्हते. शेतकऱ्यांकडून स्वस्तात जमीन घ्यायची, तिचे भूखंड महागात विकायचे आणि त्या फरकातून शहर उभे करायचे, असा तो हिशेब होता. भार पडणार होता तो सगळ्यात कमी पैसा असलेल्यांवर.

५. १० ऑगस्ट १९७१ रोजी काय झाले?

वरच्या हिशेबाचा स्फोट झाला.

वसाहतीत दोन प्रकारचे लोक होते. एक, झोपडी पाडल्यामुळे भूखंडाची चिठ्ठी मिळालेले. दुसरे, त्यांच्याकडून ती चिठ्ठी विकत घेऊन आलेले. उपासमारीमुळे अनेकांनी चिठ्ठ्या विकल्या आणि ते पुन्हा सोलच्या एखाद्या झोपडपट्टीत परतले. चिठ्ठ्या घेणारेही बहुतेक गरीब भाडेकरूच होते, कुठेतरी स्वतःचे छप्पर होईल या आशेने आलेले. दलाल अर्थातच होते. १९७१ च्या वसंतात अध्यक्षपदाची आणि मग संसदेची निवडणूक झाली. आश्वासनांचा पाऊस पडला, जमिनीचे भाव चढले. निवडणूक संपली आणि जुलैमध्ये चिठ्ठी विकत घेतलेल्यांच्या हाती मागणीपत्रे पडली. प्योंगला ८,००० ते १६,००० वॉन, तेही महिनाअखेरपर्यंत, आणि एकरकमी. लोकांची समजूत २,००० वॉनच्या आसपासच्या दराची होती. त्यातच प्रांताने मालमत्ता खरेदीवरचा कर मागितला.

रहिवाशांनी समिती केली, अर्ज दिले, सह्या गोळा केल्या. १० ऑगस्टला सकाळी ११ वाजता सोलचे नवे महापौर यांग थेक-सिक भेटीला येतील असे ठरले. हजारो माणसे पावसात जमली. '१०० वॉनला हिसकावलेली जमीन १०,००० ला विकून नफेखोरी करू नका', 'भुकेने रडणाऱ्यांना करासाठी डिवचू नका' असे त्यांचे फलक होते. वेळ टळून गेली तरी महापौर आले नाहीत. जमाव वसाहतीच्या कार्यालयावर चालून गेला. कार्यालय फोडले, सरकारी गाड्या जाळल्या, बस ताब्यात घेतल्या, पोलिसांशी चकमकी झाल्या. सुमारे सहा तास वसाहत लोकांच्या ताब्यात होती.

संध्याकाळपर्यंत सरकारने मागण्या मान्य केल्या. जमिनीचा दर, कर, रोजगार, मदत या सगळ्याबद्दल आश्वासने दिली गेली. वीसहून अधिक लोकांना अटक झाली आणि त्यांच्यावर खटले चालले. पुढे वसाहतीचा कारभार सोलकडून ग्योंगी प्रांताकडे गेला आणि दोन वर्षांत तिचे सोंगनाम शहर झाले.

तेव्हाचे अध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या कडक राजवटीत, कोणत्याही पक्षाचे किंवा संघटनेचे पाठबळ नसताना, बेघर माणसांनी सरकारला एका दिवसात माघार घ्यायला लावली. कोरियातल्या शहरी गरिबांच्या लढ्याचा आरंभ अनेक अभ्यासक इथूनच मोजतात, आणि ते योग्यच आहे.

६. ग्वांगजूचा उठाव तो हाच का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. मे १९८० चा लोकशाहीसाठीचा उठाव नैर्ऋत्येकडच्या ग्वांगजू महानगरात झाला. लष्कराने तिथे शेकडोंचे बळी घेतले. प्रश्न ५ मधले ग्वांगजू म्हणजे सोलजवळचा तालुका, आज तेही एक शहर आहे. कोरियन उच्चारात दोन्ही नावे सारखी, पण मूळ चिनी अक्षरे वेगळी. दोन्ही ठिकाणांत शेकडो किलोमीटरचे अंतर आहे.

७. ही घटना कुठे 'दंगल', कुठे 'प्रकरण', तर कुठे 'चळवळ' म्हणून का लिहिलेली दिसते?

त्या काळच्या वर्तमानपत्रांनी तिला दंगा म्हटले आणि तो शिक्का पन्नास वर्षे पुसला गेला नाही. जुन्या शहरात वाढलेल्या मुलांना आपण कुठले हे सांगायला संकोच वाटे, कारण 'सोंगनामचे' म्हटले की लोक दंगा आणि दारिद्र्य एवढेच आठवत. रहिवासी आणि संशोधक बरीच वर्षे पाठपुरावा करत राहिले. २०२१ मध्ये, घटनेच्या पन्नासाव्या वर्षी, सोंगनाम शहराने अधिकृतपणे '८·१० सोंगनाम (ग्वांगजू वसाहत) नागरी हक्क चळवळ' असे नाव स्वीकारले. आता हेच नाव वापरावे.

८. सोलच वाढत वाढत इथपर्यंत का आले नाही? मध्ये मोकळी जागा कशी?

३० जुलै १९७१ रोजी सरकारने सोलभोवती हरितपट्टा जाहीर केला. तिथे नवे बांधकाम बंद झाले. तारखेकडे लक्ष द्या: वसाहतीचा उद्रेक होण्याच्या अकरा दिवस आधी. त्यानंतर सोलला वाढायचे तर पट्टा ओलांडून पलीकडे उडी मारावी लागे. ग्योंगी प्रांतातली बहुतेक उपग्रह शहरे अशी तुटक बेटांसारखी दिसतात त्याचे मोठे कारण हे. बुंदांगच्या भागातही पुढे बांधकामावर निर्बंध आले. त्यामुळे १९८० च्या दशकाअखेर तिथे गांगनामपासून हाकेच्या अंतरावर मोकळी शेतजमीन शिल्लक होती. तिचे काय झाले ते प्रश्न १० मध्ये.

९. जुन्या शहराचे रस्ते इतके चढाचे आणि घरे इतकी खेटून का?

नकाशा कार्यालयात बसून आखला म्हणून. टेकडीचा उतार, ओहोळ, वळण काही न पाहता चौकोनी भूखंडांच्या रांगा पाडल्या. थेप्योंग, शिनहंग, सांगदेवॉन, उन्हेंग या वस्त्यांत हिंडताना अजूनही ते जाणवते: गल्ली सरळसोट वर चढते, पुढे पायऱ्या होतात. हिवाळ्यात बर्फ पडला की म्हाताऱ्यांना घराबाहेर पडणे कठीण होते. त्याच २० प्योंगांवर १९८०-९० च्या दशकांत लाल विटांची तीन-चार मजली घरे उठली. मालक एका मजल्यावर, बाकी मजल्यांवर आणि अर्ध्या तळघरात भाडेकरू. गाडी लावायला जागा नाही, झाडाला नाही.

कुरूप म्हणून या भागाकडे पाठ फिरवणाऱ्यांशी आमचे जमत नाही. इथले प्रत्येक घर कुणीतरी स्वतःच्या हाताने, पैसा जमेल तसा एकेक मजला चढवत बांधले आहे. शहराच्या इतिहासाचा याहून खरा दस्तऐवज दुसरा नाही. राहणाऱ्यांना मात्र बरी घरे हवीच आहेत. म्हणून शिनहंग, गुमग्वांग, सान्सोंग या भागांत पुनर्विकास झाला किंवा चालू आहे. त्यात एक चांगली युक्ती वापरली गेली. घरे पाडण्याआधी भाडेकरूंना आणि रहिवाशांना पानग्योसारख्या भागातल्या सार्वजनिक भाडेघरांत हलवायचे आणि काम झाल्यावर परत आणायचे. १९६९ ला ज्यांना नुसते ट्रकमध्ये घातले होते, त्यांच्या शहराने हा धडा घेतला, याचे समाधान वाटते. तरी नव्या उंच इमारतीतले घर परवडत नाही म्हणून बाहेर पडणारे आजही आहेतच.

१०. बुंदांग कधी आणि कसे झाले?

१९८८ च्या ऑलिंपिकनंतर सोलमध्ये घरांच्या किमती भडकल्या. अध्यक्ष रो थे-वू यांनी २० लाख घरे बांधण्याचे आश्वासन दिले होते. २७ एप्रिल १९८९ रोजी बुंदांग आणि इल्सान या दोन नव्या नगरांची घोषणा झाली. प्योंगचोन, सानबोन आणि जुंगदोंग धरून ही पाच 'पहिल्या पिढीची' नवनगरे. बुंदांग त्यांत सर्वांत मोठे: सुमारे १९.६ चौरस किलोमीटर, ९७,६०० घरे, ३ लाख ९० हजार लोक. सप्टेंबर १९९१ मध्ये पहिली कुटुंबे राहायला आलीसुद्धा. घोषणेपासून अडीच वर्षांच्या आत.

घाईची किंमत होती. पाचही नगरांची कामे एकदम निघाल्याने सिमेंट, वाळू, मजूर कशाचाच पुरवठा पुरेना. नीट न धुतलेली समुद्राची वाळू वापरल्याच्या बातम्यांनी १९९१ मध्ये देशभर खळबळ उडाली. तरीही बुंदांगची आखणी उत्तम होती हे मान्य करायलाच हवे. तानचोनच्या काठाने पायवाटा, मधोमध मोठे उद्यान, चालत जाता येईल अशा शाळा, १९९४ पासून रेल्वे. 'स्वर्गाच्या खालोखाल बुंदांग' ही कोरियनमध्ये यमक जुळणारी म्हण तिथूनच आली. जुन्या शहरातल्या माणसाला ती ऐकताना काय वाटत असेल, तेही लक्षात ठेवावे.

११. जुने शहर आणि बुंदांग यांच्यात खरेच एवढी दरी आहे का?

आहे. एकाच राज्यसंस्थेने वीस वर्षांच्या अंतराने, काही किलोमीटरवर, दोन वेगळ्या वर्गांसाठी दोन वसाहती केल्या. गरिबांना भूखंडाच्या खुणा आणि तंबू मिळाले, मध्यमवर्गाला आधी रस्ते, नळ, उद्याने आणि मग घरे. बुंदांगचे बरेच रहिवासी पत्ता सांगताना 'सोंगनाम' शब्द गाळतात आणि बुंदांग वेगळे करा ही मागणीही अधूनमधून उठते.

दरी कशी दिसते याचे सर्वांत बोलके उदाहरण दवाखान्याचे. बुंदांगमध्ये २००३ ला सोल राष्ट्रीय विद्यापीठाचे मोठे रुग्णालय सुरू झाले. त्याच सुमारास जुन्या शहरातली दोन मोठी रुग्णालये बंद पडली. लाखोंच्या वस्तीला रात्री-अपरात्री जायला जागा उरली नाही. नागरिकांनी सह्या गोळा करून महापालिकेचे रुग्णालय उभारण्याचा नियम स्वतःच मांडला. नगरपरिषदेने २००४ मध्ये तो क्षणात बाजूला सारला. लोकांनी पुन्हा सह्या जमवल्या. रुग्णालय शेवटी २०२० मध्ये सुरू झाले. इतकी वर्षे चिकाटी धरणाऱ्या या लोकांत १९७१ ची परंपरा दिसते, असे आम्हाला ठामपणे वाटते.

महापालिकेची नवी इमारत २००९ मध्ये जुने शहर आणि बुंदांग यांच्या मध्यावर, यसू येथे झाली. जागा समजूतदारपणे निवडली होती, पण खर्चावरून मोठी टीका झाली.

१२. पानग्योला कोरियाची सिलिकॉन व्हॅली म्हणतात. तिथे नेमके काय आहे?

पानग्यो हे दुसऱ्या पिढीचे नवनगर. २००६ मध्ये घरांची सोडत निघाली तेव्हा अर्जांची झुंबड उडाली. राहायला लोक २००९ च्या सुमारास आले. त्याच्या शेजारी ग्योंगी प्रांताने 'टेक्नो व्हॅली' आखली, आणि जमीन देतानाच तंत्रज्ञान कंपन्यांनाच ती मिळेल अशा अटी घातल्या. काकाओ, एनसीसॉफ्ट, नेक्सॉन, आनलॅब अशा कंपन्या तिथे आहेत. संगणकीय खेळांचा कोरियातला मोठा धंदा या काही चौकांत एकवटला आहे.

इंटरनेटवरच्या शोधसेवेची कोरियन कंपनी नेव्हर मात्र पानग्योत नाही; ती तिथे आहे असे समजणे ही नेहमीची चूक. ते बुंदांगमधल्या जोंगजा येथे आहे. २०२२ साली उघडलेल्या त्यांच्या दुसऱ्या इमारतीत टपाल आणि कॉफी पोहोचवायला यंत्रमानव फिरतात.

नोकरी शोधणाऱ्या तरुणांत एक बोलणे प्रचलित आहे: कार्यालयीन नोकरीची दक्षिण सीमा पानग्यो. त्याच्या खाली कुणी जायला तयार नसते. पानग्योची दुसरी बाजूही आहे. खेळ बाजारात आणण्याच्या आधीच्या आठवड्यांत रात्रभर जळणारे दिवे हे तिथल्या श्रमाचे चिन्ह झाले होते. २०१८ मध्ये नेव्हर, नेक्सॉन, स्माइलगेट आणि काकाओ येथे कर्मचाऱ्यांनी एकामागून एक संघटना स्थापन केल्या. आणि १७ ऑक्टोबर २०१४ ची दुर्घटना विसरू नये: मोकळ्या जागेत गाण्याचा कार्यक्रम चालू असताना वायुवीजनाच्या झरोक्यावरची जाळी कोसळली आणि १६ जण ठार झाले.

१३. मग आज सोंगनामला उपग्रह शहर म्हणावे का?

एकसारखे उत्तर नाही. जुन्या शहरातून आणि बुंदांगमधून सोलला कामाला जाणारे खूप आहेत. पण सकाळी शिनबुंदांग मार्गाच्या गाड्या पानग्योच्या दिशेनेही भरून येतात. गांगनाम ते पानग्यो सुमारे पाव तासाचा रस्ता. २०११ ला हा मार्ग सुरू झाल्यापासून गांगनामचेच एक टोक इथवर आले असे म्हणता येईल. मार्च २०२४ मध्ये जलद रेल्वेचे सोंगनाम स्थानकही सुरू झाले. नुसती झोपायला येण्याची वस्ती हा शिक्का या शहराने निश्चितच पुसला आहे. पण भाव, शाळा, प्रतिष्ठा मोजायचे माप अजून गांगनामच आहे.

१४. मोरान बाजार कधी भरतो? तिथे कुत्र्याचे मांस विकतात हे खरे का?

दर पाच दिवसांनी, तारखेच्या शेवटी ४ किंवा ९ असेल तेव्हा: ४, ९, १४, १९, २४, २९. उत्तरेतून आलेल्या एका माजी सैनिकी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९६० च्या दशकात इथे वस्ती झाली. गमावलेल्या प्योंगयांगमधल्या मोरानबोंग टेकडीची आठवण म्हणून हे नाव ठेवले, असे सांगतात. धान्य, औषधी मुळ्या, रोपे, मिरची, मासे, आणि तीळ भाजून तेल काढणाऱ्या दुकानांची आख्खी गल्ली. तो वास एकदा घेतला की लक्षात राहतो.

कुत्र्यांच्या मांसासाठी हा बाजार देशात कुप्रसिद्ध होता. डिसेंबर २०१६ मध्ये पालिका आणि विक्रेते यांच्यात करार झाला आणि पुढे पिंजरे व कत्तलीची जागा हटवली गेली. जानेवारी २०२४ मध्ये संसदेने देशभर बंदीचा कायदा केला, त्याची पूर्ण अंमलबजावणी फेब्रुवारी २०२७ पासून.

१५. कारखाने कुठे होते? लोकांचे पोट कशावर चालत असे?

सरकारने दिलेल्या रोजगाराच्या आश्वासनातून सांगदेवॉनचे औद्योगिक क्षेत्र वाढले. कापड, शिवणकाम, विजेची उपकरणे, खाद्यपदार्थ. किशोरवयीन मुले-मुली तिथे राबत. बाकीचे पहाटेच्या बसने सोलला जात. हा इतिहास एका माणसाच्या आयुष्यात कसा दिसतो, ते पुढच्या प्रश्नात.

१६. अध्यक्ष ली जे-म्युंग यांचा या शहराशी काय संबंध?

त्यांचे कुटुंब १९७६ मध्ये आंदोंग भागातून जुन्या सोंगनामला आले. मुलगा शाळेऐवजी कारखान्यात गेला. वय कमी म्हणून दुसऱ्याच्या नावावर काम करावे लागे. यंत्राखाली मनगट चिरडले आणि हात कायमचा वाकडा झाला. पुढे शिकून वकील झाले, सोंगनाममध्येच वकिली केली, प्रश्न ११ मधल्या रुग्णालयाच्या आंदोलनात पुढे होते. २०१० ते २०१८ महापौर, मग ग्योंगीचे प्रांताधिपती, आणि ४ जून २०२५ पासून देशाचे अध्यक्ष. महापौर असताना २०१६ पासून त्यांनी २४ वर्षांच्या रहिवाशांना स्थानिक दुकानांतच चालणारी कुपने दिली. मूलभूत उत्पन्नाच्या चर्चेत या प्रयोगाचा उल्लेख वारंवार येतो.

त्यांच्याच काळातला देजांग-दोंग गृहप्रकल्प २०२१ मध्ये वादात सापडला. काही खासगी गुंतवणूकदारांना अफाट नफा झाल्याचे समोर आले आणि खटले चालले. ली यांनी स्वतःवरचे आरोप नाकारले आहेत, आणि ते अध्यक्ष झाल्यावर त्यांच्यावरचा खटला न्यायालयाने पुढे ढकलला.

१७. 'सोल विमानतळ' सोंगनाममध्ये आहे म्हणतात. तिकीट मिळेल का?

नाही. हे हवाई दलाचे तळ आहे. येओइदो बेटावरचे जुने धावपट्टीचे मैदान १९७० च्या सुमारास बंद करून इथे हलवले. राष्ट्राध्यक्षांचे विमान इथून उडते आणि परदेशी पाहुणे इथे उतरतात. प्रवाशांसाठी इंचॉन आणि गिम्पो.

याचा शहरावर परिणाम मोठा झाला. उड्डाणमार्गामुळे जुन्या शहरातल्या इमारतींच्या उंचीवर दीर्घकाळ मर्यादा राहिली आणि पुनर्विकास रखडला. दुसरीकडे, सोलमधल्या १२३ मजली लोट्टे मनोऱ्यासाठी याच तळाची एक धावपट्टी तीन अंशांनी वळवली गेली. जुन्या शहरातले लोक ही गोष्ट अजून विसरलेले नाहीत.

१८. नामहानसानसोंग किल्ला सोंगनाममध्ये येतो का?

थोडासा. किल्ल्याचा बहुतांश भाग शेजारच्या ग्वांगजू शहरात आहे, काही सोंगनाम आणि हानाममध्ये. जायला मात्र सोंगनामचे सान्सोंग स्थानक सोयीचे, तिथून बस मिळते. १६३६-३७ च्या हिवाळ्यात चिंग (मांचू) सैन्याने वेढा घातला तेव्हा राजा इन्जो इथे ४७ दिवस कोंडला गेला आणि अखेर खाली उतरून शरण गेला. २०१४ पासून हा जागतिक वारसा आहे.

१९. बुंदांग पुन्हा पाडून बांधणार हे खरे का? अजून चाळीस वर्षेही झाली नाहीत.

खरे आहे. नळ, तारा, वाहनतळ सगळे जुने झाले. ५ एप्रिल २०२३ रोजी जोंगजा पुलाचा पादचारी भाग तानचोनमध्ये कोसळला, एका स्त्रीचा जीव गेला. डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या नियोजित नगरांसाठी विशेष कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्या टप्प्यासाठी बुंदांगमधली सुमारे ११ हजार घरे निवडली गेली. आपल्या संकुलाचा नंबर लागावा म्हणून रहिवाशांनी चढाओढीने संमतिपत्रे गोळा केली. आमचे म्हणणे एवढेच: ज्या वेगाने आणि पैशाने बुंदांग नवे होईल, तोच हक्क थेप्योंगच्या चढावरच्या घरांनाही आहे.

२०. इतर उपग्रह शहरांचा इतिहासही असाच आहे का?

प्रत्येकाचे कारण वेगळे. आनसानचा पाया १९७७ पासून सोलचे कारखाने बाहेर नेण्यासाठी घातला गेला. ग्वाचोन सरकारी कचेऱ्यांसाठी वाढले आणि १९८० च्या दशकापासून मंत्रालये तिथे होती, ती २०१२ पासून सेजोंग या नव्या प्रशासकीय शहरात जाऊ लागली. इल्सान हे बुंदांगचे जुळे भावंड, पण सोलच्या वायव्येला. सोंगनामचे वेगळेपण हे की झोपडपट्टीची हकालपट्टी, मध्यमवर्गाचे नवनगर आणि तंत्रज्ञानाची पेठ हे तिन्ही प्रयोग त्याच्या एका हद्दीत झाले.

२१. वीर्ये नवनगर सोंगनामचे की सोलचे?

दोघांचे, शिवाय हानामचेही. लष्करी जमिनींवर २०१३ च्या अखेरीपासून वसलेल्या या नगरातून तीन शहरांच्या हद्दी जातात. रस्त्याच्या एका बाजूचे संकुल सोलच्या सोंगपा विभागात, दुसऱ्या बाजूचे सोंगनामच्या सुजोंग विभागात. दुकाने, उद्यान, चौक सारखेच, पण पत्ता, कर आणि महापौर वेगळे. घर शोधत असाल तर 'वीर्ये' एवढ्यावर विसंबू नका, पत्त्यातले शहराचे नाव वाचा. सोलच्या बाजूचा भाव बहुधा जास्त असतो.